बायोडाटा : पदांची यादी नव्हे, कामाची नोंद

कृषी पदविका किंवा पदवी घेतलेल्या ग्रामीण तरुणाच्या बायोडाटात बहुधा परीक्षांचे गुण, ‘मेहनती व प्रामाणिक’ अशी विशेषणे आणि ‘अनुभव : नाही’ एवढाच मजकूर आढळतो. वस्तुतः हाच तरुण चार-पाच हंगाम घरच्या शेतातील फवारणी, मजुरांचे नियोजन व विक्रीचा हिशेब सांभाळत आलेला असतो. जो अनुभव कागदावर उतरत नाही, तो निवड समितीस दिसत नाही आणि पात्र उमेदवार मुलाखतीपर्यंतही पोहोचत नाही.

वाणाची ओळख, उमेदवाराची ओळख

उत्तम परिचय कसा असावा, याचा नमुना कृषी क्षेत्रात उपलब्ध आहे. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील आदुतुराई येथे १९२२ पासून भात संशोधनाचे कार्य चालते. तेथील वाण ‘एडीटी’ या अक्षरांनी ओळखले जातात. नवा वाण प्रसारित करताना ‘वाण गुणी आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो किती दिवसांत तयार होतो, कोणत्या हंगामास योग्य आहे, हेक्टरी उत्पादन किती येते आणि कोणत्या किडीस कितपत प्रतिकारक आहे, हे नमूद करावे लागते. त्यावरून शेतकरी निवड करतो. उमेदवाराची निवड करणारा अधिकारीही याच प्रकारची माहिती शोधत असतो.

पद आणि कार्य

याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १८२८ साली तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेले सर टी. माधवराव यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, पुढे १८७२ पर्यंत त्या संस्थानाचे दिवाण, १८७३ ते १८७५ इंदूरचे दिवाण आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण, ही त्यांच्या पदांची यादी भारदस्त आहे. परंतु त्यांची योग्यता तिच्यातून उलगडत नाही. त्रावणकोरचा कारभार हाती आला तेव्हा संस्थान कर्जात होते. माधवरावांच्या कारकिर्दीत मिरी व तंबाखू यांची सरकारी मक्तेदारी संपुष्टात आली आणि संस्थानाचे कर्ज फिटले. उमेदवार कोठे होता हे पदावरून कळते. त्याच्या असण्याने काय बदलले, हे कार्याच्या नोंदीवरूनच समजते.

शेतातील काम कसे लिहावे

प्रत्येक कामाची नोंद क्षेत्र, कालावधी, कृती व परिणाम या चार अंगांनी करावी. पुढील उदाहरणांतील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत.

• ‘कीड व्यवस्थापनाचे ज्ञान’ याऐवजी : ‘२ एकर कापसात सलग २ हंगाम कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद ठेवली. आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्यावरच फवारणी केली. फवारण्या ६ वरून ४ वर आल्या.’

• ‘उत्तम संवादकौशल्य’ याऐवजी : ‘ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात बीजप्रक्रियेची ३ प्रात्यक्षिके घेतली. एकूण ४० शेतकरी उपस्थित होते.’

• ‘संगणकाचे ज्ञान’ याऐवजी : ‘शेतकरी गटाच्या खरेदी-विक्रीचा हिशेब १ वर्ष एक्सेलमध्ये ठेवला.’

आकडा लिहिताना मात्र दक्षता हवी. फवारण्या सापळ्यांमुळे घटल्या, की त्या वर्षी किडीचा प्रादुर्भावच कमी होता, असा प्रश्न जाणकार परीक्षक विचारणारच. म्हणून नोंदवहीचा आधार नसलेला आकडा लिहू नये आणि गटाने केलेले काम एकट्याच्या नावावर दाखवू नये. स्वतःचा वाटा स्पष्ट लिहिणारा उमेदवार अधिक विश्वासार्ह ठरतो.

काय वगळावे

अनेक बायोडाटांवर लग्नाच्या बायोडाटाची छाप असते. जात, उंची, वडिलांची जमीन व नातेवाइकांची पदे यांनी अर्धे पान व्यापलेले असते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत शिलालेखरूपाने कोरविला. घराण्याचा वृत्तांत तेथे शोभतो. नोकरीच्या अर्जात उमेदवाराचे स्वतःचे काम पाहिले जाते. प्रवर्ग, जन्मतारीख इत्यादी तपशील जाहिरातीत किंवा विहित नमुन्यात मागितले असल्यासच द्यावेत. शासकीय पदांसाठी विहित नमुना असल्यास तोच वापरावा.

मांडणी

नवोदित उमेदवारास १ पान पुरेसे असते. अनुभवी उमेदवाराने २ पानांची मर्यादा पाळावी. सर्वांत अलीकडचे काम प्रथम लिहावे. प्रत्येक अर्जापूर्वी जाहिरात वाचून तीत मागितलेल्या कौशल्याशी निगडित नोंदी वर आणाव्यात. शेतकरी उत्पादक कंपनीस हिशेब व विक्रीचा अनुभव महत्त्वाचा वाटेल, तर कीड सर्वेक्षणाच्या कामासाठी निरीक्षणाची सवय मोलाची ठरेल. संदर्भासाठी एखाद्या व्यक्तीचे नाव देण्यापूर्वी तिची संमती घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. गावातील तरुणास ‘अनुभव आहे का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. ‘किती क्षेत्र सांभाळले, किती हंगाम, आणि त्यातून काय बदलले?’ असे विचारल्यास बायोडाटाचा निम्मा मजकूर त्याच्याच तोंडून मिळतो. येत्या हंगामात पेरणीच्या दिवसापासून नोंदवही ठेवण्याची सवय लागली, तर उरलेला निम्माही काढणीपर्यंत तयार होईल.