मंगळसूत्राच्या पलीकडच्या लक्ष्मीबाई

२२ सप्टेंबर जवळ आला की आपल्या सातारा-सांगलीकडे घराघरांत भाषणाची पाठांतरं सुरू होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती! पोरं मोठ्यानं घोकत असतात आणि आपण भाकरी थापता थापता ऐकत असतो. जन्म १८८७, कुंभोज. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९, कऱ्हाडजवळच्या काले गावी. आणि मग ते वाक्य येतंच, वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नीने गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिलं. टाळ्या पडतात आणि पोरगं पुढच्या परिच्छेदाकडे वळतं.

मला मात्र त्या वाक्यावर थांबावंसं वाटतं. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील, ज्यांना आज रयतमाउली म्हणतात, त्या बाईंचं अख्खं आयुष्य या एका ओळीत मावतं का हो?

लक्ष्मीबाई कुंभोजच्या पाटील घराण्यातल्या, खात्यापित्या घरच्या. जैन घरातलं खाण्यापिण्याचं कडक वळण, सोवळंओवळं, शिवाशीव हे सगळं अंगात मुरलेलं. त्यात त्यांचा दोष काय म्हणायचा? त्या काळी सगळ्याच घरांत तसं होतं. आणि नवरा मिळाला तो भाऊरावांसारखा! शाळेत असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हे गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटलं तर ‘नाही करणार’ म्हणाले. तेवढ्यावरून बोर्डिंग सोडावं लागलं.

नाही म्हणणारा तेव्हा एकटा होता, त्याचं त्यानं निभावलं. पण लग्न झालं, घर झालं, म्हणजे स्वयंपाकघर आलं आणि चूल बायकोच्या ताब्यात आली. पुरुषाच्या डोक्यातला विचार घरात खरा उतरतो की नाही, हे शेवटी चुलीपाशी ठरतं. बाहेर समतेवर भाषण आणि घरात वेगळा कप, असं मी आमच्या गावात अजूनही पाहिलंय. नावं घेत नाही, तुम्हालाही अशी घरं ठाऊक असतील.

संसाराला तशी सुरुवातीपासूनच स्वस्थता नव्हती. भाऊराव साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणायचे. पुढे १९१४ मध्ये कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात त्यांना तुरुंगात टाकलं. खोटी साक्ष द्यावी म्हणून छळ केला, तो इतका की त्यांनी तिथे जीव द्यायचा प्रयत्न केला. या प्रकरणात कोण चूक, कोण बरोबर यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. घरी वाट बघत बसलेल्या तरण्या बायकोचे ते दिवस कसे गेले असतील, त्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. त्यानंतर किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरणं आलं, मग साताऱ्याचा कूपर कारखाना. फिरताना खेड्यातली परिस्थिती दिसत होती आणि दूधगाव, नेर्ले, काले असं एकेका गावी मुलांच्या राहण्याशिकण्याचं काम उभं राहत होतं. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. पुढे हे वसतिगृह धनिणीच्या बागेत होतं. नाव धनिणीचं, पण पैशाची ओढाताण काही संपली नाही.

एकत्र वसतिगृह म्हणजे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी पोरं एका पंगतीत. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जरा हिशेब करून बघा. पंचवीस पोरं धरली, वाढत्या वयाची, एका वेळेला तीन भाकरी. दोन वेळच्या झाल्या दीडशे. आपल्या घरी पाहुणे आले, वीस भाकऱ्या जास्त थापाव्या लागल्या तर रात्री मनगट बोलतं. रयतच्या वसतिगृहांत मुलंही कामं करायची, स्वावलंबी शिक्षण हे तर संस्थेचं ब्रीदच. पण लहान पोरं, पहिल्यांदा आई सोडून आलेली. ताप आला, रात्री रडू आलं, डोक्यात उवा झाल्या, तर बघायचं कुणी? ते लक्ष्मीबाईंनी बघितलं. ज्यांची सावली नको असं लहानपणी शिकवलेलं, त्यांच्या लेकरांना जवळ घेतलं, आजारपणं काढली, पोटच्या पोरांसारखं जेवू घातलं. हे एका दिवसात झालं नसणार. मुरलेली सवय मोडताना आधी हात आखडतो. लक्ष्मीबाईंचा आखडलेला हात हळूहळू सैल झाला. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं दान हे आहे, सोनं त्यानंतरचं.

सोन्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. देणग्या कमी, तोंडं जास्त. माहेरचे, सासरचे दागिने एकेक करून मुलांच्या पोटात गेले. आणि अण्णा बाहेरगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा मंगळसूत्रही गेलं, असं सांगतात. आज मंगळसूत्र घालावं की नाही हा ज्या-त्या बाईचा प्रश्न झालाय, निदान शहरात तरी. १९२० च्या दशकात साताऱ्यासारख्या गावात नवरा जिवंत असताना मोकळ्या गळ्यानं पाणवठ्यावर जायचं, म्हणजे काय काय ऐकावं लागलं असेल!

आमच्या बचत गटात एकदा हा विषय निघाला. गटातल्या बहुतेकींचं सोनं कधी ना कधी गहाण पडलेलं आहे, मुलाच्या फीसाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. एक नवी सून पटकन म्हणाली, ‘‘ताई, पण त्यांना कुणी विचारलं होतं का? समाजकार्य नवऱ्याचं आणि दागिने बायकोचे?’’ सगळ्या गप्प झाल्या. प्रश्न खोटा नाही. स्त्रीधन हाच बाईचा एकुलता एक आधार असायचा आणि आजही पुष्कळ घरांत आहे. मग आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘अगं, विचारायला घरात होतं कोण? पोरं ताटं घेऊन बसलेली. तिनंच ठरवलं.’’ मला आजींचं पटलं. त्या दिवशी घरात मालक नव्हता, निर्णय बाईनं घेतला. तरी त्या सुनेचा प्रश्नही मी मोडीत काढणार नाही. जी बाई देते तिचं कौतुक करताना, तिच्यावर द्यायची वेळ का आली हेही विचारायला हवं. गावातल्या पैसेवाल्यांची कपाटं तेव्हा काय रिकामी होती?

लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या, पस्तिशीच्या आसपासच्या असतील. संस्थेचं खरं वैभव त्यांनी पाहिलंच नाही. साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं, छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. भाऊराव पुढे २९ वर्षं जगले, दुसरं लग्न केलं नाही. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आज रयतच्या शेकडो शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालयं आहेत. सोलापूरचं मुलींचं महाविद्यालय लक्ष्मीबाईंच्या नावाचं आहे.

महर्षी कर्व्यांच्या बायांनी, आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला त्यांचा राग-लोभसुद्धा कळतो. लक्ष्मीबाईंनी असं काही लिहून ठेवलेलं नाही. त्या चिडल्या असतील, एखाद्या रात्री माहेरच्या आठवणीनं रडल्याही असतील. भाषणातली माउली कधी रडत नाही.

एक आठवण मात्र कागदावर नसली तरी आपल्या घरांत आहे. भाऊरावांच्या वसतिगृहांसाठी गावोगाव मुष्टिफंड चालायचा. बायकांनी दळायला बसण्याआधी मूठभर दाणे वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ते वसतिगृहाच्या मुलांसाठी जायचे. तुमच्या घरी कुणी जुनं माणूस असेल तर विचारा. आमच्या शेजारच्या आजींची सासू असे दाणे टाकायची. पोरं कुणाची, कुठल्या जातीची, ते तिला माहीत नव्हतं. सुगी बरी झाली तर दोन मुठी टाकायची, असं आजी सांगतात.