खर्जाने थोडे थांबावे!

मराठीच्या मास्तराने लाऊडस्पीकरवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण ज्याचा जन्म ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेला, त्याला आवाजातला उशीर दिसला की राहवत नाही!

आमच्या बैठकीच्या खोलीत ऑल्टेक ६०४ई स्पीकरांची जुनी जोडी आहे. सौभाग्यवतींच्या मते ती दोन कपाटेच. फक्त त्यांत काही ठेवता येत नाही. ६०४ ही जात कॅलिफोर्नियाच्या ऑल्टेक लॅन्सिंग कंपनीने १९४० च्या दशकात काढली. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी स्टुडिओंत ध्वनिमुद्रणे यांच्यावरच पारखली गेली. पंधरा इंची शंकूच्या मधोमध तार स्वरांचा छोटा कर्णा असतो. दोघांची हद्द ६०४ई मध्ये सुमारे १५०० हर्ट्झवर. ही वाटणी करणारी पेटी म्हणजे क्रॉसओव्हर. जुन्या पेटीतले कपॅसिटर वयोमानाने आपले माप सोडतात.

शिवाय एक गोम आहे. कर्ण्याचा पडदा शंकूच्या मागे, चुंबकाच्या पाठीशी बसवलेला. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा तार स्वर किंचित उशिरा पोचतो. हद्दीवरचा स्वर दोघेही गातात. पावले जुळली नाहीत, तर तो कुठे फुगतो, कुठे खचतो.

डिजिटल क्रॉसओव्हर ही वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच करतो. म्हणून जोडीला अ‍ॅम्प्लिफायरचे चार चॅनल लागतात. मागे राहिलेल्याला तोही पुढे ढकलू शकत नाही. पुढे गेलेल्या खर्जाला मात्र थांबवू शकतो. उतारासाठी लिंकविट्झ आणि रायली यांची १९७६ ची पद्धत घ्यावी : दर सप्तकाला २४ डेसिबल.

मग परीक्षा. कर्णा जात्याच मोठ्या गळ्याचा, त्याचा आवाज आधी शंकूइतका उतरवा. पडद्यांमधले अंतर मोजून तेवढा विलंब द्या. आता कर्ण्याच्या तारा उलट्या जोडून १५०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा. उतार नीट बसले असतील, तर वेळ जुळताच तो सूर जवळजवळ नाहीसा होतो! तिथेच विलंब कायम करा आणि तारा सुलट्या करा.

एक गोष्ट मात्र जिवाची. जुन्या पेटीतला कपॅसिटर कर्ण्याचे रक्षणही करीत असे. तो गेला की अ‍ॅम्प्लिफायर सुरू होतानाचा एक धक्का नाजूक पडदा फाडायला पुरेसा आहे, आणि तसा अस्सल पडदा आता सहज मिळत नाही. तेव्हा कर्ण्याच्या वाटेवर योग्य मापाचा कपॅसिटर ठेवूनच मापे घ्या. अ‍ॅम्प्लिफायर शेवटी सुरू करा, आधी बंद करा.

सगळे जमले की प्रत्येक उंचवटा सपाट करण्याचा मोह होतो. तो आवरावा. वडीलधाऱ्यांना चष्मा द्यावा, त्यांचा चेहरा बदलू नये. आणि जुनी पेटी भंगारात देऊ नका. नवे यंत्र रुसले, तर त्या दिवशी तीच घर गाते ठेवील.