जुन्या फटफटीचा कार्बुरेटर आणि अचूक सुटा भाग



ज्याच्या घरी जुनी मोटारसायकल आहे त्याला सल्लागारांची वाण कधी पडत नाही. गाडी अडखळू लागली की एक म्हणतो ‘जेट बदला’, दुसरा म्हणतो ‘सबंध कार्बुरेटरच बदला’. दुकानदार एक पीतळी तुकडा पुढे सारतो आणि म्हणतो, ‘बसेल!’ आता बसणे ही एक गोष्ट आणि योग्य असणे ही दुसरी. या दोहोंतला भेद कसा ओळखावा, एवढाच आजचा विषय आहे.

पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने त्याच्या सुमारे पावणेपंधरापट हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बुरेटरात चार भागांनी वाटून घेतलेले असते. मूठ जेमतेम उघडली असता पायलट जेटचा अंमल चालतो. तेथून पावपर्यंत स्लाइडच्या कापलेल्या कडेचा, पाव ते पाऊण सुई व तिच्या जेटचा, आणि पुढे मेन जेटचा. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी पहिला प्रश्न हा की, गाडी मुठीच्या कोणत्या टप्प्यावर बिघडते? उभ्या गाडीचे इंजिन बंद पडत असेल तर मेन जेट बदलून काय साधणार? शिवाय कार्बुरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातून हवा शिरत नाही ना, हेही आधी पाहावे. तसे असल्यास कोणताही जेट निरुपयोगीच.

दुसरा प्रश्न, कार्बुरेटर मुळात कोणता? टाकीवरचे नाव पाहून हे सांगता येत नाही. बुलेटचेच उदाहरण घ्या. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. आरंभीच्या बुलेटना बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीच्या पद्धतीचा कार्बुरेटर असे. पुढे साडेतीनशेच्या बुलेटवर जपानी मिकुनी पद्धतीचा व्हीएम २४ आला. मधल्या काळात कोणत्या मालकाने काय बसवले याचा हिशेब कोण ठेवतो? तेव्हा कार्बुरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांकच प्रमाण मानावा. हा क्रमांक बोलका असतो. व्हीएम २४ मधील २४ म्हणजे नळीचा व्यास मिलिमीटरांत. अमलने १९६७ साली काढलेल्या कॉन्सेंट्रिक जातीत ६२६ किंवा ९३० अशा आकड्यांतील शेवटचे दोन अंक हाच व्यास सांगतात.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. आकडा तोच, पण मापे निराळी! अमलच्या स्लाइडवरील ३ म्हणजे कड एक इंचाच्या सोळा भागांपैकी तीन भाग कापलेली, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मिलिमीटर. मिकुनीच्या स्लाइडवरील आकडा मात्र सरळ मिलिमीटरांचा. कॉन्सेंट्रिकच्या सुईच्या जेटवर १०६ असेल तर त्याचे छिद्र इंचाच्या १०६ हजारांश भागांचे. आणि मेन जेटचा आकडा छिद्राचा नसून, ठराविक दाबाखाली मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहते त्याचा. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या दुकानात सांगणे म्हणजे तोळ्यांचा भाव किलोला लावणे होय. मिकुनीतसुद्धा षट्कोनी आणि गोल जेटचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत.

कोणी विचारील, जुना भाग दाखवून तसाच मागितला तर? तो भाग मूळचाच कशावरून? मागील मालकाचा प्रयोगही असू शकेल. म्हणून त्यावरील आकडा टिपावा आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. शिवाय सुई थरथरून आपल्या जेटचे छिद्र झिजवीत असते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, पण पेट्रोल मात्र अधिक जाते. तेव्हा सुई आणि तिचे जेट जोडीनेच बदलावे. जेट तारेने टोचून साफ करण्याची सवयही सोडावी. त्याने छिद्र मोठे होते आणि वरचा आकडा खोटा ठरतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर पैसा जातो आणि प्लग काजळतो. ते कमी झाले तर इंजिन तापते आणि भर वेगात पिस्टन जाम होऊ शकतो. मग चाक अडते आणि प्रश्न पैशांचा न राहता जिवाचा होतो. त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू आणते. म्हणून त्याच जेटमधून आता मिश्रण थोडे विरळ होते, आणि जुन्या रबरी वायसरही त्याने बिघडू शकतात. तेव्हा पुस्तिकेतील आकड्यापासून आरंभ करावा, नंतर प्लग काढून पाहावा. तो फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मेन जेट एका पायरीने मोठा घ्यावा.

तात्पर्य, दुकानात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्या: कार्बुरेटरवरील क्रमांक, पुस्तिकेतील आकडा आणि बिघाडाचा टप्पा. मग ‘बसेल’ म्हणणाऱ्याला, ‘आकडा दाखवा’ असे निःसंकोच सांगता येईल.