माहेरच्या गाण्यामागची ज्योत्स्नाबाई

माहेरी निरोप धाडणारं ते गीत ठाऊक नाही, अशी बाई आपल्यात विरळाच! शब्द राजा बढे यांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची. पण हळदीकुंकवाला कुणी ते म्हणू लागलं, की आपल्या कानात घुमू लागतो तो ज्योत्स्नाबाई भोळे यांचा आवाज. या बाईंचं स्वतःचं माहेर कुठलं, हे मात्र फारशा मैत्रिणींना सांगता येणार नाही.

ते गोव्यातलं बांदिवडे. ११ मे १९१४ चा जन्म, माहेरचं नाव दुर्गा केळेकर. भगिनी गिरिजाबाई केळेकर याही नावाजलेल्या गायिका आणि नटी. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, म्हणजे या माहेरवाशिणीची वाट चक्क दुसऱ्या राज्याची हद्द ओलांडून जायची. दुर्गा लहानपणीच मुंबईला आली आणि आग्रा घराण्याचे उस्ताद खादिम हुसेन खाँ यांच्याकडे तिला तालीम मिळाली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘भावगीत काय, कुणीही म्हणेल’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. शाळेत मी गॅदरिंगसाठी मुलींची गाणी बसवते, तेव्हा आईबापही हेच ऐकवतात. पण लहानसं गाणं नेटकं म्हणायला गळा आधी घोटलेला लागतो.

१९३२ साली दुर्गाची ज्योत्स्ना भोळे झाली. पती केशवराव भोळे तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे! आज असं स्थळ आलं तर आपण नाकं मुरडू. डॉक्टरी शिकायला मुंबईला आलेल्या केशवरावांनी गाण्यापायी ते शिक्षण सोडलं होतं. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी ते भल्याभल्या गवयांवर लिहीत. पुढं ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा चित्रपटांना त्यांनीच संगीत दिलं. असा चोखंदळ टीकाकार घरातच, म्हणजे स्वयंपाकघरातून गुणगुणायचीसुद्धा सोय नाही, असं मला उगीच वाटून जातं.

लग्नाला जेमतेम वर्ष होतंय तोच, १ जुलै १९३३ रोजी, मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’चं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलं. संगीत केशवरावांचं, आणि बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई. पुरुषांनी लुगडं नेसून नायिका रंगवायची चाल तेव्हा अजून सरली नव्हती. नाटक म्हणजे रात्र रात्र चालणारी पदं आणि ‘वन्समोअर’चा गजर. इथं मात्र गाणी मोजकी, आटोपशीर, प्रसंगातून सहज उमलणारी. नुकतं लग्न झालेल्या मुलीनं रंगमंचावर उभं राहायचं आणि वर रसिकांना सवय नसलेली गाणी म्हणायची, हे धाडस थोडं नव्हे.

काळही बदलत होता. पूर्वी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर गळा मोकळा सोडावाच लागे. रेडिओ आला, मायक्रोफोन आला, आणि हलक्या आवाजातली कुजबूजही घराघरांत ऐकू येऊ लागली. जुनी तबकडी एका बाजूला वाजायची तीनसाडेतीन मिनिटं. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि त्या कवितेतलं सुखदुःख, सगळं बसवायचं. तानांची आतषबाजी करायला सवड कुठली? प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारायचा, त्याचा अर्थ सुरातून दाखवायचा आणि वेळेत थांबायचं. हे थांबणं ज्योत्स्नाबाईंना फार छान साधलं होतं. चार पाहुण्यांत तासाभराचा स्वयंपाक वीस मिनिटांत उरकणाऱ्या आपल्याला त्यातली मेख सांगायला नको.

मग आलं १९४२ साल, आणि मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’. संगीत मास्टर कृष्णरावांचं. यातली भानुमती सिनेमात कामं करते, नाव कमावते, पैसा मिळवते. नवऱ्याला तिची कीर्ती बोचू लागते आणि अखेर ती घराबाहेर पडते. ज्योत्स्नाबाईंची भानुमती लोकांनी डोक्यावर घेतली. त्यातली त्यांची पदं अजून गायली जातात. ऐंशीहून अधिक वर्षं झाली या नाटकाला, पण बायकोचा पगार आपल्यापेक्षा जास्त म्हटल्यावर ज्यांचा चेहरा पडतो अशी माणसं तुमच्या-माझ्या नात्यात आजही आहेत, की नाही?

लोक म्हणतात, ज्योत्स्नाबाईंना नवराच गाण्यातला मिळाला, त्यांचं काय! मला हे अर्धवट वाटतं. चाल केशवराव देतील, पण रात्री प्रयोगाला उभं राहायचं ते बाईंनीच, आणि सकाळी संसार असायचाच. आपल्याकडे तर लग्नाआधी कौतुकानं वाजवलेली पेटी वर्षभरात माळ्यावर जाते. तिथं कुणी आडवं येतंच असं नाही. ‘आता कुठलं गाणं’ हे बहुतेकदा आपणच म्हणतो. ज्योत्स्नाबाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी पुढं ‘आराधना’ हे संगीत नाटकही लिहिलं.

५ ऑगस्ट २००१ रोजी त्या गेल्या. पुण्यात हिराबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिकडं गेलात तर पाटीकडं जरूर पाहा. आणि माहेरचं ते गीत मोबाइलवर सहज सापडतं. दुपारी भांडी आवरली, की इतर कामं न करता एकदा नुसतं ऐका. बाई श्वास कुठं घेतात तेवढं बघा. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा त्यांच्याबरोबर म्हणा, दार लोटून घेतलंत तरी चालेल.