परदेशात आपली पदवी : पारख, कागद आणि काळ

आपल्या घरांत मुलामुलींच्या पदवीचे पेढे वाटले जातात, पदवीदानाचे छायाचित्र बैठकीच्या खोलीत लागते. मूळ गुणपत्रके मात्र कपाटातल्या एखाद्या पिशवीत, मुदत संपलेल्या विमा पॉलिसी आणि जुन्या बिलांच्या सोबतीला जाऊन पडतात. कापसाच्या वा किराण्याच्या व्यवहारातील दहा वर्षांपूर्वीची पावती क्षणात काढून देणारा व्यापारी स्वतःच्या सुनेचे पदवी प्रमाणपत्र कोठे आहे हे सांगू शकत नाही. जोवर मुले गावातच पेढी सांभाळत होती तोवर यात काही बिघडत नव्हते. आता देवगाव रंगारीसारख्या कन्नड तालुक्यातील बाजारगावातूनही परदेशी स्थायिक होण्याचा विचार गंभीरपणे होऊ लागला आहे. सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो. माझा पहिला प्रश्न असतो, “गुणपत्रके कोठे आहेत?”

पारख कशासाठी?

आपली पदवी आपल्याला ‘देशी’ वाटते. ती विमानातून उतरली की तेथील सरकारच्या दृष्टीने ‘परदेशी’ होते. तिचे तेथील तोलाने मोल ठरविणे म्हणजे शैक्षणिक अर्हतेचे मूल्यांकन. घरचे सोने कितीही खात्रीचे असले तरी परगावचा सराफ ते कसाला लावल्याशिवाय स्वीकारत नाही. त्यात आपला अपमान नसतो, त्याच्या व्यवहाराची ती रीत असते.

कॅनडाने कुशल कामगारांसाठी १ जानेवारी २०१५ पासून ‘एक्सप्रेस एंट्री’ ही गुणांवर आधारलेली पद्धत सुरू केली. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या गटातून अर्ज करणाऱ्याचे शिक्षण कॅनडाबाहेर झाले असेल तर सरकारने नेमलेल्या संस्थेचा मूल्यांकन अहवाल, म्हणजे ‘ईसीए’, आवश्यक असतो. ‘वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस’ ही त्यांतील आपल्याकडे सर्वाधिक परिचित संस्था. टोरंटो विद्यापीठाची ‘कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सर्व्हिस’ ही आणखी एक. डॉक्टर आणि औषधनिर्माते यांच्यासाठी त्यांच्या व्यवसायाच्या स्वतंत्र संस्था आहेत. अहवाल दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षे ग्राह्य असतो.

प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात व्यवसायानुसार मूल्यांकन होते : अभियंत्यांचे ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’कडे, संगणक क्षेत्रातील मंडळींचे ‘ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी’कडे, लेखापालांचे ‘सीपीए ऑस्ट्रेलिया’सारख्या संस्थांकडे. जर्मनीत आपले विद्यापीठ व पदवी ‘अनाबिन’ या सरकारी सूचीत कशी नोंदली आहे हे प्रथम पाहतात. येथे कॅनडाचे उदाहरण विस्ताराने घेतो, कारण तेथील गुणांचा तक्ता उघड आहे आणि हिशेबी माणसाला तो सहज वाचता येतो.

तीन वर्षांच्या बी.कॉम.चे काय?

व्यापारी कुटुंबांत बी.कॉम. ही सर्वांत परिचित पदवी, आणि ती तीन वर्षांची. ‘परदेशात तीन वर्षांची पदवी चालत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. अमेरिकेत १९७७ सालच्या ‘मॅटर ऑफ शाह’ या निर्णयापासून भारतीय तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची सहसा मानली जात नाही. कॅनडाच्या गुणतक्त्यात मात्र बॅचलर पदवी आणि तीन किंवा अधिक वर्षांचा अभ्यासक्रम एकाच ओळीत आहेत. अविवाहित अर्जदाराला या ओळीचे १२० गुण मिळतात. एकाहून अधिक पात्रता असतील आणि त्यांतील एक किमान तीन वर्षांची असेल तर १२८, मास्टर्सला १३५, डॉक्टरेटला १५०.

म्हणून बी.कॉम.नंतर मान्यताप्राप्त संस्थेतून केलेली वर्षभराची पदविका दुर्लक्षू नये. ती समकक्ष ठरली तर आठ गुणांची भर पडते. दुसऱ्या बाजूने, एम.कॉम. झाले म्हणून १३५ गुण आपोआप हाती येत नाहीत. आपल्या प्रमाणपत्रावरील शब्दापेक्षा मूल्यांकन अहवालात लिहिलेली समकक्षता महत्त्वाची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडेही आता चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा पर्याय आला आहे. परदेशाचा विचार असणाऱ्या विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो जरूर तपासावा.

कागद मुळापासून यावा लागतो

मूल्यांकन संस्था अर्जदाराच्या हातातील गुणपत्रकांवर विसंबत नाहीत. त्या ती थेट विद्यापीठाकडून मागवितात. बँकेत आम्ही खातेदाराने आणलेल्या शिलकीच्या दाखल्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या शाखेकडून खात्री करून घेत असू, तसेच हे. विद्यापीठाने साक्षांकित केलेली गुणपत्रके बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या जोडावर सही-शिक्का करून पाठविली जातात. जेथे सोय आहे तेथे विद्यापीठाकडून इलेक्ट्रॉनिक मार्गानेही जातात. अर्जदाराने लिफाफा उघडला की त्याचे मोल संपले.

येथे एक गैरसमज होतो. महाविद्यालय ओळखीचे असते, प्राचार्य परिचयाचे असतात, म्हणून पालक तेथील सही-शिक्का आणतात. संलग्न महाविद्यालयाचा शिक्का सामान्यतः पुरेसा ठरत नाही. पदवी ज्या विद्यापीठाची, साक्षांकन त्याच विद्यापीठाचे हवे. आपल्या भागासाठी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे आरंभी सारा मराठवाडा होता. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि नांदेड, लातूर, परभणीकडील महाविद्यालये तिकडे गेली. ज्यांनी घरचा व्यवसाय सांभाळत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली त्यांचे कागद नाशिकहून येतील.

शहराच्या नावाचाही प्रश्न विचारला जातो. जुन्या पदवीवर ‘औरंगाबाद’ आहे आणि नव्या पत्त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’. यासाठी घाबरण्याचे कारण नाही. अर्जात विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर जसे छापले आहे तसे लिहावे, आणि पत्ता आजचा द्यावा. आपल्या हाताने जुन्या कागदावर काहीही दुरुस्त करू नये.

‘जैन’, गोत्र आणि तीन वेगवेगळी नावे

आपल्या समाजात अडचण शिक्षणाची कमी आणि नावाची जास्त येते. शाळेत नाव घालताना आजोबांनी आडनाव ‘जैन’ सांगितले. महाविद्यालयात गोत्राचे ‘कासलीवाल’, ‘पाटणी’, ‘संचेती’ किंवा ‘बोरा’ लागले. पासपोर्टवर दोन्ही एकत्र आले. त्यातच आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. तीन हजार कोसांवरच्या तपासनिसाला ‘जैन’ आणि ‘पाटणी’ हा एकच मुलगा आहे हे कसे कळावे? त्याच्यासमोर दोन माणसे उभी राहतात.

त्यावर उपाय आहेत. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडता येते. आडनावच वेगळे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे अधिक भक्कम. मात्र हे सोपस्कार अर्जाच्या घाईत करण्याऐवजी मुलगा दहावीला असतानाच करावेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पासपोर्टवर नावाचे एकच रूप असेल तर पुढची वीस वर्षे निर्धास्त जातात.

सुनेची पदवी घराची पुंजी

पती-पत्नी दोघे जाणार असतील तर एक मुख्य अर्जदार असतो आणि दुसऱ्याच्या शिक्षणाचेही वेगळे गुण मिळतात. जोडीदाराच्या बॅचलर पदवीला ८, मास्टर्सला १०. पण त्यासाठी तिच्या पदवीचाही स्वतंत्र मूल्यांकन अहवाल लागतो. पुष्कळ घरांत मुलाचीच कागदपत्रे काढली जातात आणि सुनेचे शिक्षण हिशेबात धरलेच जात नाही.

मुख्य अर्जदार मुलगाच असावा असा नियम कोठेही नाही. दोघांची वये, शिक्षण, इंग्रजी आणि नोकरीचा अनुभव कागदावर समोरासमोर मांडावा आणि ज्याचे गुण अधिक त्याला पुढे करावे. संगणकशास्त्रातील एम.एस्सी. होऊन चार वर्षे पगारी नोकरी केलेली सून आणि बी.कॉम. होऊन घरचे दुकान सांभाळणारा मुलगा, या जोडप्यात पारडे कोणाकडे झुकेल हे सांगायला तज्ज्ञ नको.

आपल्याकडे सोयरिकी इंदूर, जयपूर, अजमेरपर्यंत होतात. सुनेचे विद्यापीठ दूर असेल तर ती माहेरी जाईल त्या वेळी साक्षांकनाचे काम उरकून घ्यावे. लग्नानंतर तिचे नाव बदलण्यापूर्वी, गुणपत्रकांवरील नावाशी विवाह प्रमाणपत्र जुळते की नाही हे पाहावे. आणि लग्नात मुलीबरोबर दागिन्यांची यादी जाते, तशी तिच्या मूळ प्रमाणपत्रांची यादीही जावी, असे मला मनापासून वाटते. दागिने अडचणीत मोडता येतात. पदवी मोडावी लागत नाही, ती आयुष्यभर कमावत राहते.

दुकानातला अनुभव मोजला जातो का?

पदवीइतकाच हा प्रश्न आपल्या घरांना लागू आहे. मुलगा आठ वर्षे गल्ल्यावर बसला, खरेदी-विक्री, उधारी, नोकरमाणसे सारे पाहिले. पण त्याच्या नावे ना पगार, ना विवरणपत्र. असा अनुभव सिद्ध करता येत नाही. ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ गटात किमान एक वर्षाचे सलग, मोबदला मिळणारे, कुशल श्रेणीतील काम दाखवावे लागते. कॅनडाच्या व्यवसाय सूचीत दुकानातील विक्रेता या श्रेणीत बसत नाही. किरकोळ वा घाऊक व्यापाराचा व्यवस्थापक बसतो. काम तेच असले तरी कागद काय बोलतो यावर सारे अवलंबून.

म्हणून कर्त्या मुलाला पेढीत भागीदार करावे किंवा बँकेतून नियमित पगार द्यावा, त्याचे आयकर विवरणपत्र वेळेवर भरावे. मुलगा मालक वा भागीदार असेल तर पुरवठादार व ग्राहक यांसारख्या त्रयस्थांचे पुरावे लागतात. स्वतःच स्वतःला दिलेला अनुभवाचा दाखला चालत नाही. परदेशी जाणे झाले नाही तरी ही शिस्त कर्ज घेताना उपयोगी पडेलच.

उशिराचे व्याज

या गुणतक्त्यात वयाचा हिशेब कठोर आहे. अविवाहिताला २० ते २९ या वयात ११० गुण. ३० व्या वर्षी १०५, ३१ व्या वर्षी ९९, ३५ व्या वर्षी ७७ आणि ४५ व्या वर्षी शून्य. म्हणजे तिशीत प्रत्येक वाढदिवस पाच-सहा गुण नेतो. विद्यापीठात अर्ज पडून राहिला, नावातील चूक दुरुस्त होईपर्यंत आठ महिने गेले, की पदविकेसाठी वर्षभर घाम गाळून मिळविलेले आठ गुण जवळजवळ तेथेच संपले. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे वेगळे गुणही बंद झाले आहेत. त्यामुळे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांवरच भार आला आहे.

सगळेच काम एकदम काढू नये. गुणपत्रके व नावांची दुरुस्ती कितीही लवकर केली तरी फुकट जात नाही. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मात्र दोनच वर्षे ग्राह्य असतो. ती परीक्षा कागद हाती आल्यावर द्यावी.

सोपी वाट आणि तिची किंमत

गुण थोडे कमी पडतात तेथे दलाल उभा राहतो. ‘पदविका मिळवून देतो’, ‘अनुभवाचे पत्र करून देतो’, असे तो सहज सांगतो. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे अर्ज करण्यास बंदी आहे. दलालाने परस्पर जोडलेल्या कागदाची जबाबदारीही अर्जदाराचीच. पैसे घेऊन कॅनडाच्या प्रकरणात सल्ला देणारा तेथील वकील असावा, किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चा परवानाधारक, त्याचे नाव या संस्थेच्या यादीत पाहून मगच रक्कम द्यावी. पेढीची पत एका खोट्या हुंडीने जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मूल्यांकन अहवाल म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. दंतवैद्य, औषधनिर्माता वा अभियंता यांना तेथे व्यवसाय करण्यासाठी वेगळ्या परीक्षा आणि नोंदणी लागते. ते कळल्याशिवाय गेलेली मुले काही वर्षे गोदामात काम करतात आणि घरी ‘सेटल झालो’ असे सांगतात. पालकांनी हा खर्च आणि काळ आधीच हिशेबात धरावा.

परतीच्या वाटेवरही हीच पारख उभी असते. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना येथे नोकरीसाठी वा पुढील प्रवेशासाठी समकक्षतेचा दाखला लागतो. भारतीय विद्यापीठ संघ तो देत आला आहे आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही यासाठी नियम केले आहेत. म्हणजे कसोटी दोन्ही बाजूंना आहे, आणि तशी ती असावीही.

नियम आणि शुल्क बदलत राहतात. अर्जापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी. आपल्या घरी करण्याजोगे काम मात्र न बदलणारे आहे. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या आधी एक दुपार काढावी. घरातील प्रत्येकाची, मुलींची आणि सुनांचीही, दहावीपासूनची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्रे, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र एका फाइलीत लावावे. नावांतील फरक वेगळ्या कागदावर टिपावेत. जे कागद नाहीत त्यांच्या दुय्यम प्रतींसाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा. कोणी परदेशी जाईल, कोणी इथेच राहील. फाइल दोघांच्याही कामाची आहे.