कड्याच्या पोटातील वाटांचा शोध

हिवाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या कड्याकपारींकडे गिर्यारोहकांची पावले वळू लागतात. मळलेल्या वाटेने गड चढणे वेगळे आणि जिथे वाटच नाही अशा कड्यावर ती शोधून काढणे वेगळे. या दुसऱ्या कामात दोराइतकेच महत्त्व निरीक्षणाला असते. कडा कसा वाचावा, हे ज्याला कळले त्याला वाट सापडते आणि ज्याला कळले नाही त्याच्यावर अर्ध्या कड्यावर अडकून पडण्याची वेळ येते.

हे वाचन समजून घ्यायला मोडनिंबसारख्या सपाट मुलखातील विहीरही पुरेशी आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील माढा तालुक्याच्या या गावापासून सह्याद्रीची धार जवळपास दोनशे किलोमीटर पश्चिमेला आहे. पण दोन्हीकडचा पाषाण एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. विहीर खोदताना मातीखाली मुरूम लागतो, पुढे सच्छिद्र, ठिसूळ मांजऱ्या खडक येतो, तर कुठे पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टाही दिसतो. शेतकरी हे थर वरून खाली पाहतो, गिर्यारोहक खालून वर पाहतो, एवढाच फरक.

थरांची भाषा

लाव्हा एका दमात साचला नाही. प्रवाहावर प्रवाह येत गेले. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट झाला, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र राहिला. घट्ट भाग ऊनपावसाला सहज दाद देत नाही, म्हणून तो उभ्या भिंतीसारखा टिकतो. सच्छिद्र भाग झिजतो, मागे सरतो आणि तिथे गवताची आडवी पट्टी तयार होते. सह्याद्रीचा कडा दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळेच.

वाट शोधणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ सरळ आहे. उभी भिंत अडवते, आडवी पट्टी वाट देते. त्यामुळे सरळ वर जाण्याचा हट्ट न धरता पट्टीवरून आडवे सरकत जायचे आणि वरची भिंत जिथे चिरली असेल ती जागा गाठायची, ही सह्याद्रीतील जुनी रीत आहे. भिंत चिरली जाते ती बहुधा पाण्याने. अशा चिरेला नाळ, नळी किंवा घळ म्हणतात. मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणारी नळीची वाट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कोकणकडा समोरून अभेद्य भासतो, पण त्याच्या बगलेतील ही नाळ चढणाऱ्याला माथ्यापर्यंत नेते. अर्थात नाळेत वरून सुटलेले दगड हाच मोठा धोका असतो. त्यामुळे चढणाऱ्यांनी एकाच रेषेत एकमेकांखाली राहू नये, हा तिथला पहिला नियम आहे.

नकाशा काय सांगतो, काय लपवतो

पूर्वतयारी घरीच सुरू होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांवर उंचीच्या रेषा असतात. त्या जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा असतो आणि जिथे आत वळतात तिथे नाळ संभवते. संगणकावर मिळणारी उपग्रहचित्रेही उपयोगी पडतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या चित्रातील लांब सावल्यांवरून भिंतीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो.

परंतु इथेच अनेकांची फसगत होते. या नकाशावर दोन रेषांमधील अंतर साधारणतः 20 मीटर उंचीचे असते. म्हणजेच 15 मीटरची सरळसोट भिंत दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकते. कागदावर सोपा उतार दिसतो आणि प्रत्यक्षात पाच मजली इमारतीएवढा टप्पा समोर उभा राहतो. म्हणून समोरच्या डोंगरधारेवरून दुर्बिणीने पाहणी करणे, कड्याचे रेखाचित्र काढणे आणि त्यावर विश्रांतीच्या व माघारीच्या जागा खुणावणे, ही पायरी अनुभवी चमू कधीही गाळत नाहीत. वर जाण्याच्या वाटेइतकाच परतीच्या वाटेचा विचार आधी झालेला असावा लागतो.

हिवाळाच का?

पावसाळ्यात शेवाळलेला खडक पाय ठरू देत नाही आणि नाळांतून पाण्याचे लोट वाहतात. मार्चनंतर पाषाण तापतो आणि टाक्यांतील पाणी आटू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामानाने अनुकूल असतो. तरीही तो निर्धोक नसतो. पश्चिमेकडील कड्यांवर ऊन दुपारी पोहोचते, त्यामुळे सकाळी दवाने भिजलेले गवत बराच वेळ ओले राहते. पुढे हेच गवत वाळले की त्यावरून पाय सटकतो. दिवस लहान असल्याने अंधार लवकर गाठतो. शिवाय पुढे झुकलेल्या खडकाखाली आग्या मोहोळ असू शकते. तिथे धूर, गोंगाट आणि अत्तरे टाळावीत आणि पोळे दिसल्यास वाटच बदलावी, हे उत्तम.

स्कॉटलंडमधील गिर्यारोहकांपुढे हाच प्रश्न बर्फाच्या रूपाने येतो. ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस अवघे 1,345 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या 1,646 मीटरपेक्षाही कमी. पण तिथल्या हिवाळी वाटा थंडीत गोठलेल्या पाण्यावर आणि हिमावर उभ्या असतात. या आठवड्यातील वाट पुढच्या आठवड्यात वितळून गेलेली असते. म्हणून तिथे काठिण्य दोन अंगांनी मोजतात. एक आकडा एकूण गांभीर्य सांगतो, दुसरा सर्वांत अवघड टप्प्याचे तंत्र. 1889 मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात नव्या वाटांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

मौखिक नोंदींचे भवितव्य

महाराष्ट्रात वाटांचे ज्ञान त्याहून कितीतरी जुने आहे. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी रात्री कडा चढून सिंहगड घेतला. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मूठभर मावळ्यांनिशी पन्हाळा जिंकला. कड्याची दुर्बल जागा ठाऊक असल्यावाचून असे पराक्रम घडत नाहीत. हिरकणीची लोककथाही हेच सांगते. जिथून एक माता उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, म्हणून तिथे बुरूज उभा राहिला. 1818 मध्ये इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग आणि मदनवर जाताना आजही दोर लागतो.

मात्र हे ज्ञान बहुतांशी लिहिले गेले नाही. ते महादेव कोळी, ठाकर आणि धनगर समाजातील जाणत्यांच्या स्मरणात राहिले. बाजाराला, गुरांमागे वा सोयरिकीला जाताना त्यांनी घाटवाटा जिवंत ठेवल्या. कोणत्या नाळेत कधी दरड कोसळली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कुठल्या वळणावर डावीकडे वळायचे नाही, हे त्यांना पाठ असते. डांबरी रस्ते आले, एसटी आली आणि पायवाटा ओस पडल्या. कारवीने वाट गिळली की ती सांगणारा माणूसही काही वर्षांत उरत नाही.

याची किंमत प्राणांनी मोजावी लागते. चुकीच्या नाळेत शिरलेले तरुण वर भिंत आणि खाली घसारा अशा कोंडीत सापडतात, तेव्हा बचाव पथकांना रात्री-अपरात्री जीव धोक्यात घालावा लागतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नियम आवश्यकच आहेत, पण कोणता टप्पा कुठे आहे हे नियम सांगत नाहीत. ते गावातील जाणता सांगतो.

त्यामुळे नवी वाट शोधू इच्छिणाऱ्यांनी आधी पायथ्याच्या गावात थांबावे, जाणत्याला योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे आणि परतल्यावर वाटेची नोंद त्याच्या श्रेयासह लिहून ठेवावी. गावात परतण्याची वेळ सांगून निघावे. ठरलेल्या वेळेपर्यंत अर्धा कडाही चढून झाला नसेल, तर निमूटपणे माघारी फिरावे. कडा पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असणार आहे.