कोकऱ्याचे सिंहासन

जगाच्या इतिहासाचा शेवट कसा होईल, याविषयीच्या ख्रिस्ती शिकवणुकीला ‘युगान्तशास्त्र’ म्हणतात आणि तिच्या केंद्रस्थानी एक राजा आहे. बायबलच्या अखेरच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात सिंहासन, मुकुट, राजदंड, शिक्का, शुभ्र घोडा ही राजचिन्हे पानोपानी भेटतात. ज्या सोलापूर जिल्ह्यात विठ्ठलाला ‘पंढरीचा राणा’ म्हणून आळवले जाते आणि अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचा जयघोष ‘राजाधिराज’ या बिरुदाने होतो, तेथील वाचकाला ईश्वराला राजा मानणे अपरिचित नाही. तथापि ख्रिस्ती भविष्यवाणीतील राजाची कल्पना कोणत्या दुःखातून जन्मली आणि तिने सत्तेचा अर्थ कसा पालटला, हे कळल्यावाचून या चिन्हांचे मर्म हाती येत नाही.

या कल्पनेचे मूळ यहुदी इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 1000 वर्षांच्या काळातील दावीद राजाला त्याचे सिंहासन अढळ राहील असे वचन नाथान संदेष्ट्याकडून मिळाल्याचे बायबल सांगते; परंतु इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि दाविदाची गादी संपली. वचन होते, पण राजा नव्हता. म्हणून आशा भविष्याकडे वळली आणि येणाऱ्या राजाला ‘मशीहा’, म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, हे नाव मिळाले. दानीएलाच्या ग्रंथात ही आशा विश्वव्यापी झाली. त्यात चार साम्राज्ये चार हिंस्र श्वापदांच्या रूपाने समुद्रातून वर येतात, आणि सिंहासनावर बसलेला ‘पुराणपुरुष’ शाश्वत राज्य ज्याच्या स्वाधीन करतो, तो मात्र मेघांवरून येणारा, मानवपुत्रासारखा दिसणारा असतो. माणसाला फाडून खाणाऱ्या सत्तेनंतर मानवी चेहऱ्याचे राज्य येईल, असा या दृष्टान्ताचा आशय आहे.

‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ योहानाने पात्म बेटावर पाहिलेल्या दृष्टान्तांचा असून, बहुसंख्य अभ्यासक त्याचा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इ. स. 95च्या सुमारास मानतात. डोमिशियनला ‘प्रभू आणि देव’ म्हणवून घेणे आवडे, असे रोमन इतिहासकार स्वेटोनियसने नोंदवले आहे, आणि ग्रंथात उल्लेखलेल्या पर्गममसारख्या शहरांत सम्राटपूजेची मंदिरे उभी होती. इ. स. 63मध्ये आर्मेनियाच्या तिरिदात राजाने रोमन सम्राट नीरोच्या पुतळ्यापुढे आपला मुकुट काढून ठेवला होता. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात चोवीस वडील आपले मुकुट देवाच्या सिंहासनापुढे ठेवतात, तेव्हा खरी निष्ठा कोणाला द्यायची, हा राजकीय प्रश्नच उपासनेच्या भाषेत विचारला जात असतो.

त्याचे उत्तर पाचव्या अध्यायात मिळते आणि तोच या संपूर्ण प्रतीकसृष्टीचा गाभा आहे. सात शिक्क्यांनी बंद असलेली गुंडाळी उघडण्यास यहूदा वंशाचा सिंह समर्थ आहे अशी घोषणा होते. पण प्रत्यक्षात सिंहासनाजवळ दिसतो तो वध झालेला कोकरा, म्हणजेच येशू ख्रिस्त. ज्याने प्राण घेतले तो नव्हे, ज्याने प्राण दिले तो राज्यास पात्र ठरतो. एकोणिसाव्या अध्यायातील शुभ्र घोड्यावरचा, अनेक मुकुट धारण केलेला ‘राजांचा राजा’ याच प्रकाशात पाहावा लागतो, कारण त्याची तलवार हातात नसून मुखातून निघते, अर्थात त्याचे शस्त्र शब्द आहे. विसाव्या अध्यायातील त्याच्या सहस्र वर्षांच्या राज्याविषयी मात्र तीन मते आहेत: ख्रिस्त त्याआधी परत येईल, त्यानंतर येईल, किंवा ऑगस्टीनने मांडल्याप्रमाणे तो काळ म्हणजे चर्चचे चालू युगच होय.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथाची ही शिकवण रुजवणाऱ्यांत 1813मध्ये मुंबईत काम सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन अग्रणी होते. पुढे अहमदनगर आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर ही त्याची महत्त्वाची केंद्रे झाली. याच मिशनमध्ये अनेक वर्षे काम केलेले कवी नारायण वामन टिळक यांनी राजत्वाच्या प्रतीकाला अस्सल मराठी रूप दिले. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि तुकोबांच्या अभंगवाणीचे ऋण मानणारे टिळक 1917मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. 1919मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग विस्तारला नाही. तरीही युगाच्या अंती येणाऱ्या राजाचा दरबार आजच, सेवेच्या आणि बंधुत्वाच्या रूपाने भरवता येतो, हा त्यामागचा विचार मराठी धर्मचिंतनातील मोलाचा ठेवा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर अनेक राजसिंहासने कोसळली आणि हुकूमशाहीची चाहूल लागली, तेव्हा पोप अकरावे पायस यांनी 1925मध्ये ‘ख्रिस्तराजाचा सण’ सुरू केला. आता तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे 20 ते 26 नोव्हेंबरच्या दरम्यान, साजरा होतो. युद्ध, भूकंप वा साथ आली की प्रकटीकरणातून प्रलयाची तारीख शोधण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु या ग्रंथाचा शेवट विनाशात नसून, दारे कधीही बंद न होणाऱ्या नगरीत आणि राष्ट्रांच्या आरोग्यासाठी पाने धरणाऱ्या जीवनवृक्षापाशी होतो. म्हणून हा ग्रंथ प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाने आधी चौथा आणि पाचवा अध्याय सावकाश वाचावा, सिंहासनाजवळ कोण उभा आहे ते नीट पाहावे आणि मगच श्वापदांच्या अध्यायांकडे वळावे.